वरची सळई

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात ज्याने एक बंगला बांधला तो इंजिनीयर असतो आणि ज्याने दोन बांधले तो मला शिकवतो. नव्या मजल्यावर चढायचं, बुटाची टाच दोनदा आपटायची आणि म्हणायचं, "हत्ती नाचवा मॅडम, काही होणार नाही." मी मोठ्या इमारतींच्या स्लॅबची डिझाइनं करते. इतक्या वर्षांत हा हत्ती मला निदान पन्नास जणांनी दाखवला असेल. टाच आपटून स्लॅब कळत असता तर ही बाई चार वर्षं कॉलेजात काय करत होती, असा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही.

अडाण्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो कळणाऱ्यांचा. म्हणून हे सरांपासून सांगायला हवं.

सर मला कॉलेजात काँक्रीट शिकवायचे. वर्गात ते खडू दोन्ही टोकांना धरून वाकवायचे. खडू खालून तडकायचा. "सळई कुठे घालायची ते खडूच सांगतो," म्हणायचे. मग दुसरा खडू टेबलाच्या कडेवरून अर्धा बाहेर काढून त्याचं टोक खाली दाबायचे. आता तो वरून तडकायचा. "आणि आधारापाशी सळई वर. खाली घातलीत तर ती नुसती काँक्रीटमध्ये झोपून राहील." मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हे विसरली नसतील. मी तर मुळीच विसरले नव्हते. दातिवऱ्याच्या मासेविक्या घरातली मी मुलगी. इतकी अवघड गोष्ट इतकी सोपी करून सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

निवृत्त झाल्यावर सरांनी पालघर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ऑफिस काढलं आणि मला बोलावून घेतलं. गणितं मी करायची, नकाशे मी काढायचे, सही आणि शिक्का त्यांचा. सुरुवातीला ते माझी गणितं ओळ न् ओळ वाचायचे. नंतर शेवटचं पान बघायचे. नंतर फक्त सही कुठे करायची ती जागा बघायला लागले. मी ते मोठेपण समजले. सरांचा आपल्यावर केवढा विश्वास, म्हणून घरी माझ्या आयला सांगितलंही.

मग ते गोदाम आलं. बोईसरच्या पलीकडे, तारापूरच्या कारखान्यांच्या भागात, एका शेठना रसायनांच्या पोत्यांसाठी मोठं गोदाम बांधायचं होतं. तळमजला, वर एक मजला, त्यावर पत्रे. शेठ साइटवरही पांढरे बूट घालून यायचे आणि चिखल लागला की चिखलाकडे रागाने बघायचे. त्यांनी मुंबईहून एक आर्किटेक्ट आणला होता. त्या गृहस्थांनी आमच्या पहिल्या बैठकीला एकच विचार आणला होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. छत कोरं हवं. बीम दिसता कामा नये.

बीम नसलेला स्लॅब करता येतो. तो थेट खांबांवर टेकतो. पण त्याची एक खोड आहे. तांदळाची भाकरी एका बोटावर तोलून धरली तर काय होतं ते आठवा. भाकरी मधून मोडत नाही, बोट तिच्यातून वर येतं. जड स्लॅबचं खांबापाशी तेच होऊ शकतं, आणि ते सांगून होत नाही. म्हणून मी प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, चौकोनी पाट उलटा चिकटवावा तसा स्लॅब जाड करून दाखवला होता.

आर्किटेक्टनी नकाशावर बोट ठेवलं. "हे फोड कसले?"

मी सांगितलं.

"नो, नो. लॉरी आत शिरली की माणसाला मोकळं वाटलं पाहिजे."

लॉरीतून उतरणारा हमाल पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन छताकडे बघत उभा राहणार होता, अशी त्यांची कल्पना असावी. शेठ मान डोलावत होते. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "काढून टाक गं ते. जाडी वाढव, वरची सळई वाढव. बसेल."

बसलं. जेमतेम बसलं, पण बसलं. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. मला ते फोड ठेवायचे होते आणि ते का हवेत हे मी तोंड उघडून भांडून सांगायला हवं होतं. मी घरी जाऊन नवं गणित मांडलं. त्या गणितात सगळा भार एका गोष्टीवर होता: खांबांवरून जाणाऱ्या सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला, माथ्यापासून जेमतेम तीन सेंटीमीटर खाली राहिल्या पाहिजेत. त्या तिथे राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली सळईचेच वाकवलेले पाय ठेवतात. साइटवर त्यांना खुर्च्या म्हणतात. त्या किती, कुठे, केवढ्या उंचीच्या, हे सगळं मी नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

स्लॅब भरायच्या आदल्या दुपारी मी तपासायला गेले. लांबून जाळी छान दिसत होती. जवळ जाऊन टेप लावला तर वरची सळई वरून तीन सेंटीमीटरवर नव्हती. बारावर होती. काही ठिकाणी चौदावर. कामगार येता-जाता तिच्यावर चालले होते आणि ती खालच्या जाळीवर जाऊन लोळत पडली होती. चोवीस खांब, आणि खुर्च्या मी मोजल्या सहा.

सळया बांधणारा मुकादम म्हातारा होता, बंगालकडचा. सगळे त्याला चाचा म्हणत. मी विचारलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"कुर्सी तो हम माँगे थे मैडमजी। बोला, अभी ऐसे ही बाँधो, बाद में उठा लेंगे।"

"कौन बोला?"

त्याने नुसती हनुवटी वर केली. तिकडे शेठ उभे राहून मंडप घालून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबचा मुहूर्त होता. कोणी मोठे पाहुणे नारळ फोडायला यायचे होते. मी शेठना म्हणाले, "खुर्च्या नाहीयेत. उद्या भरता येणार नाही."

शेठ हसले. "शंभर मागवल्यात मॅडम. गादीवाल्या. पाहुण्यांना कमी पडणार नाहीत."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. मी त्यांना हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच जाळीपाशी नेलं आणि सळई दाखवली. त्यांनी ती बुटाच्या टोकाने हलवून पाहिली. "आहे ना सळई? तुमच्या नकाशात आहे तेवढीच आहे. मोजून घेतली मी. जरा खाली आहे तर खाली आहे. आतच आहे ना?"

हे वाक्य मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं आणि सगळे हसले. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी साइटच्या वहीत लिहिलं: वरची सळई जागेवर नाही, खुर्च्या बसवून पुन्हा तपासल्याशिवाय स्लॅब भरू नये. खाली सही केली, वेळ टाकली आणि सरांना फोन केला. सर म्हणाले, "बघतो मी सकाळी."

सकाळी मी पोचले तेव्हा भोंग्यावर गाणी लागली होती. काँक्रीटच्या गाड्या रस्त्यावर ओळीने उभ्या होत्या आणि त्यांचे गोल पिंप गरगरत होते. गादीवाल्या शंभर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. ते शिडीने वर चढले, जाळीवर आठ-दहा पावलं चालले. सळई त्यांच्या पायाखाली खाली गेलेली त्यांना दिसली. मी बघत होते. दिसली.

"थोडंफार चालतं गं," ते म्हणाले. "नकाशाबरहुकूम कोण बांधतं आपल्याकडे?"

"सर, थोडंफार नाहीये. तीनला बारा आहे."

"गणितात आपण चुकांसाठी पुष्कळ पोटात धरलेलं असतं."

"यात नाही धरलेलं. तुम्हीच फोड काढायला सांगितलेत."

शेठ खाली उभे राहून घड्याळ बघत होते. सरांनी वही मागवली. माझ्या ओळीखाली त्यांच्या त्या सुरेख अक्षरांत लिहिलं: तपासले. भरण्यास हरकत नाही. सही केली. शिक्का त्यांनी बरोबरच आणला होता. शिक्का घरून आणणारा माणूस बघायला येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. खडू वाकवून दाखवणारे हात तेच होते, म्हणून जास्त किळस आली.

"तू आता घरी जा," ते म्हणाले. "दमलीस."

मी गेले नाही. पाहुण्यांची गाडी आली, सगळे तिकडे धावले. मी चाचाजवळ गेले आणि विचारलं की उरलेल्या सळयांतून खुर्च्या वाकवता येतील का. त्याने प्रश्न विचारले नाहीत. चार माणसं घेतली, सळया तोडायला लावल्या. पंप रस्त्याच्या बाजूने स्लॅब भरत येणार होता, म्हणून आम्ही दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. तारा सोडायच्या, पहारीने जाळी उचलायची, खाली खुर्ची सरकवायची, पुन्हा बांधायची. मी गुडघ्यांवर बसून टेप लावत होते. खाली भाषण चाललं होतं. परिसराचा विकास, दूरदृष्टी, मजबूत पाया. पाया मजबूत होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

नऊ खांब झाले. मग सुपरवायझर ओरडत आला आणि चाचाच्या माणसांना काँक्रीट ठोकायच्या मशीनवर घेऊन गेला. दहाव्या खांबाची जाळी आम्ही दोघांनी उचलायचा प्रयत्न केला. दोघांच्याने उचलवत नव्हती. तोवर काँक्रीट आमच्यापर्यंत आलं. मी माझ्या नकाशावर नऊ खांबांना हिरवी खूण केली, पंधरांना लाल, आणि बाजूला उभी राहून ते पंधरा बुजताना पाहिले.

संध्याकाळी दातिवऱ्याला गेले तर आय ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. माझे गुडघे सोललेले होते. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं.

"तुजे मास्तरला ता कळला नाय?"

"कळलं."

"कळून सही केली?"

"हो."

"मग तो मास्तर नाय बाय. नुसता शिक्का हाय." आणि ती पुन्हा बोंबील निवडायला लागली. बाजारात दिवसभर माशाचे कल्ले बघायचं नाटक करणारी माणसं बघून तिला माणसं चटकन कळतात.

दोन-अडीच महिन्यांनी सरांचा फोन आला. "जरा ये. शेठनी वर माल भरलाय, किरकोळ तडे दिसताहेत."

किरकोळ नव्हते. वरच्या मजल्यावर पोत्यांच्या थप्प्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लावल्या होत्या. मधल्या वाटेत एका खांबाभोवती गोल तडा गेला होता, परातीएवढा, आणि त्यातून बाहेरच्या बाजूला बारीक तडे फुटले होते. स्लॅब खांबाभोवती दबत होता. मी खाली गेले. आर्किटेक्टचं कोरं छत कोरंच होतं. खालून काही दिसत नाही, हाच तर या प्रकारातला धोका.

शेठ म्हणाले, "हे बाहेरून आलेले लोक असंच काम करतात. तो म्हातारा मी तेव्हाच काढून टाकायला हवा होता. आता काढला."

मी वही मागितली. मला वाटलं होतं ते पान फाडलेलं असेल. नव्हतं. पान फाडायलासुद्धा आपण काही चुकलो असं वाटावं लागतं. मी माझी ओळ मोठ्याने वाचली आणि मग सरांची.

सर शेठकडे बघून म्हणाले, "साइटवर ही होती. मी हिच्या भरवशावर सही केली."

ते चष्मा पुसत होते. ज्यांच्याशी बोलायचं ते सर तिथे नव्हतेच. मी पिशवीतून नकाशा काढला, तो लाल-हिरव्या खुणांचा, आणि हमालांना सांगितलं की प्रत्येक खांबाभोवतीची पोती हटवा. दोन तास लागले. मग मी त्या दोघांना खांबाखांबाशी नेलं. हिरवा: तडा नाही. हिरवा: नाही. लाल: तडा. लाल: तडा. चोवीस खांब फिरले. पंधरापैकी तेरांना तडे होते, नवांपैकी एकालाही नाही. पाचव्या खांबानंतर सरांनी बघणं सोडलं आणि फोनवर कोणाचा तरी मेसेज वाचायला लागले. शेठ मात्र शेवटपर्यंत फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. फसवलं गेल्यासारखा भाव होता, जणू काँक्रीटने त्यांना दिलेला शब्द मोडला.

"आज सगळा माल खाली उतरवा," मी म्हणाले. "आत्ता."

"उद्या बघतो."

"मग मी आत्ता इथे बसून कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिते. वहीच्या पानाच्या फोटोसकट."

"अगं, असं टोकाला..." सर म्हणाले.

मी पायरीवर बसले आणि फोनवर पत्र टाइप करायला लागले. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले तेव्हा हमालांनी पहिली पोती उचलली. संध्याकाळपर्यंत मजला रिकामा झाला, खाली लोखंडी टेकू बसवून झाले. ते पत्र मी शेवटी पाठवलं नाही. मजला रिकामा झाला, काम झालं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता विचारलंत तर सांगेन की मी घाबरले.

दुरुस्ती काय केली, तर त्या पंधरा खांबांच्या माथ्याला खालून काँक्रीटच्या रुंद टोप्या बसवल्या. म्हणजे पहिल्या दिवशी ज्यांना फोड म्हटलं होतं तेच, पण आता दिसायला जास्त बेढब, कारण मागाहून चिकटवलेले. त्यानंतर मी मजल्यावर वाळूच्या गोणी रचून भार दिला आणि एक दिवस तसाच ठेवून मोजमापं घेतली. स्लॅब नीट राहिला. आर्किटेक्ट बघायला आले. टोप्यांखाली उभे राहून म्हणाले, "ॲक्चुअली, यांनी जागेला कॅरेक्टर आलं." नंतर त्या टोप्यांचा फोटो त्यांच्या माहितीपुस्तिकेत छापून आला. खाली त्यांचं नाव होतं.

शेठ हल्ली नव्या बांधकामवाल्यांना सांगतात, "खुर्च्या स्वतः मोजा. माझा अनुभव आहे." ऐकणाऱ्यांना वाटतं, केवढा जाणता माणूस.

चाचाला मी मासवणच्या बाजूला एका शाळेच्या कामावर लावून दिलं. तिथे पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्याची माफी मागितली, की तुमच्यावर आळ आला आणि मी तेव्हा त्या गोदामात त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. तो सळई वाकवत होता. हात न थांबवता म्हणाला, "आळ-वाळ छोड़िए मैडमजी। हमको मालूम था। आपको मालूम था। बड़े साहब को मालूम था।"

"फिर?"

"फिर क्या। सब को मालूम था और स्लैब भर गया।"

मी तिथून निघून गाडीत बसले. शेठबद्दल, सरांबद्दल, आर्किटेक्टबद्दल माझ्याकडे तिरस्कार भरपूर होता आणि त्यात मला एक सुख मिळत होतं. या म्हाताऱ्याने सहज मलाही त्या ओळीत नेऊन उभं केलं. आणि ते खरं होतं. गाड्यांच्या आडवं झोपता आलं असतं. पंपाची किल्ली काढून घेता आली असती. पाहुण्यांच्या हातातला माईक घेता आला असता. मी नऊ खांबांवर समाधान मानलं.

ऑफिस मी लगेच सोडलं, असं लिहायला आवडलं असतं. लगेच नाही सोडलं. आठ महिन्यांनी सोडलं, तेही दुसरी व्यवस्था झाल्यावर. त्या आठ महिन्यांत मी सरांच्या टेबलावर रोज नकाशे ठेवत होते आणि ते रोज सही करत होते. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे, शिक्काही माझा आहे. तपासणीला जाताना मी तो टेबलाच्या खणात ठेवून जाते.

मागच्या हिवाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठेवला. कॉलेजच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. आयोजकांनी मला बोलायला सांगितलं. नाही म्हणता आलं असतं. मी गेले. खडूची गोष्ट सांगितली, दोन्ही खडूंची. माणसं हसली, काहींचे डोळे ओले झाले. पुढच्या रांगेत सर मान हलवत होते. गोदामाबद्दल मी काही बोलले नाही. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या वेळी सर माझ्याजवळ आले. थकले होते. "छान बोललीस गं," ते म्हणाले. "आणि तो तारापूरचा स्लॅब? कसा आहे?"

"उभा आहे, सर."

ते हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "मी म्हटलं होतं ना? तू उगाच घाबरली होतीस."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात लबाडी नव्हती. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास बसला होता. जेवणाची रांग लांब होती आणि त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, रांगेत उभी राहिले आणि त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं.